नाशिकमधून डावं माध्यम चालवायचं तर: पत्रकारिता कुठे संपते, कार्यकर्तेपण कुठे सुरू होतं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

चर्चाप्रस्ताव असा. नाशकातून तीन-चार जणांनी स्वतंत्र डावं मराठी माध्यम चालवायचं म्हटलं: यूट्यूब चॅनेल, सोबत संकेतस्थळ, पुढे जमलंच तर छापील मासिक. विषय ठरलेले आहेत. सातपूर-अंबडचे कंत्राटी कामगार, सुरगाणा-पेठ-दिंडोरीचे वनहक्क दावे, लासलगाव-पिंपळगावचा कांदा. पक्षाचं सभासदत्व कुणाकडे नाही, पण डावे आहोत हे लपवायचंही नाही.

मोर्चात कॅमेरा घेऊन उभं राहिलं की हमखास विचारतात, "तुम्ही पत्रकार की यांच्यातलेच?" कंपनीच्या गेटवरही तेच. याचं कायद्यातलं उत्तर काय आणि कामातलं उत्तर काय? "दोन्ही बाजू दाखवा म्हणजे झालं" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

कलम_एकोणीस

आधी एक गैरसमज काढू. आपल्याकडे पत्रकारितेला परवाना लागत नाही. घटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्याचं वेगळं कलमच नाही; १९(१)(अ) चहाच्या टपरीवर बोलणाऱ्याला जेवढं, तेवढंच संपादकाला. अधिस्वीकृती पत्रिका ही माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची सोय आहे. ती नसली म्हणून कुणी पत्रकार नाही असं होत नाही, आणि असली म्हणून जमावबंदीतून सूट मिळत नाही.

पुढे माध्यमागणिक नियम बदलतात. छापील मासिकाला १ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा नाही, २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा लागतो. अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर. शीर्षक आणि नोंदणी एकाच अर्जात होते, प्रांताकडे घोषणापत्राच्या चकरा संपल्या. शीर्षकाचे पर्याय मात्र भरपूर द्या. "जनशक्ती", "लोकसंघर्ष" असली नावं कधीच कुणीतरी घेऊन ठेवलेली असतात. त्यातली एक अट नीट वाचा: दहशतवादी किंवा बेकायदेशीर कृत्यासाठी शिक्षा झालेल्या व्यक्तीला नियतकालिक काढता येत नाही. चळवळीतला माणूस प्रकाशक म्हणून दाखवणार असाल तर हे आधी तपासा.

चॅनेल आणि संकेतस्थळाला हा कायदा लागू नाही. तिथे २०२१ चे आयटी नियम. त्यातल्या नैतिक संहितेची सक्ती आणि तक्रारींची तीनस्तरीय व्यवस्था, म्हणजे नियम ९ चे पोटनियम १ आणि ३, यांना मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगिती दिली. पण नियम १८ खाली मंत्रालयाला स्वतःची माहिती देणं आणि तातडीच्या ब्लॉकिंगचा अधिकार या गोष्टी त्या स्थगितीत नाहीत. सक्ती असो-नसो, संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव, ईमेल आणि "१५ दिवसांत उत्तर" एवढं टाकाच. उद्या न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर हे पान कामाला येतं.

स्रोताच्या गुप्ततेबद्दलही भ्रम नको. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५(२) चं संरक्षण कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं आहे. पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ९४ खाली कागद मागितले तर ते ढाल होत नाही. शिवाय कौन्सिलचं कार्यक्षेत्र छापील माध्यमापुरतं.

सातपूरकर

@कलम_एकोणीस, पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधातला महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा यूट्यूबवाल्यांना लागतो का?

कलम_एकोणीस

त्याची व्याख्या नोंदणीकृत वृत्तपत्रं, वृत्तवाहिन्या, वृत्ताधारित इलेक्ट्रॉनिक माध्यमं अशी आहे. यूट्यूब चॅनेल तिच्यात बसवायचं म्हणजे युक्तिवाद करावा लागणार, आणि ठाणे अंमलदाराला रात्री अकरा वाजता तो ऐकायचा नसतो. मासिक नोंदवून चॅनेल त्याच्याच नावाने चालवणं हा व्यवहारी मार्ग. नव्या कामगार संहितेत मात्र श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यम शब्दानिशी आलं आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. म्हणजे कामाला ठेवलेल्या पोरांना नियुक्तिपत्र द्या. कामगारांच्या बातम्या करणारं माध्यम स्वतःच्या कॅमेरामनला हातउचल देतं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

जुना_खिळा

"पत्रकार की यांच्यातलेच" हा प्रश्न मराठीत शंभर वर्षं जुना. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं ते चळवळीचंच पत्र होतं. 'जीवनमार्ग', 'युगांतर' ही पक्षांची साप्ताहिकं, आणि तसं स्पष्ट सांगणारी. आपल्या देशातल्या वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पाया ज्या खटल्याने घातला तोही एका डाव्या साप्ताहिकाचा: मुंबईच्या 'क्रॉस रोड्स'वर मद्रास सरकारने बंदी घातली आणि १९५० मध्ये रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. वितरणाचं स्वातंत्र्य हा अभिव्यक्तीचाच भाग, असं न्यायालय म्हणालं. त्याला उत्तर म्हणून पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली, हे खरं. पण बाजू घेणारं पत्र ते पत्रच नव्हे, असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं.

खोडरबर

'मूकनायक'ला ढाल करू नका हो. पक्षाचं मुखपत्र मुखपत्र म्हणून निघतं, वाचणाऱ्याला ठाऊक असतं. इथे प्रश्न "स्वतंत्र" म्हणवणाऱ्यांचा आहे. संघटनेचं पत्रक जसंच्या तसं वाचून दाखवायचं, मागे लाल झेंड्यांचं फुटेज लावायचं आणि खाली "ग्राउंड रिपोर्ट" लिहायचं, याला पत्रकारिता म्हणणार असाल तर मग कंपनीचं प्रसिद्धिपत्रक छापणाऱ्यांना नावं ठेवायचा हक्क उरत नाही.

२०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च घ्या. ६ मार्चला नाशकातून निघाला, साधारण १८० किलोमीटर चालून १२ तारखेला आझाद मैदानात पोचला. सोललेल्या पायांचे फोटो जगभर गेले, ते जायलाच हवे होते. पण लेखी आश्वासन मिळाल्यावर त्यातल्या एकेका मागणीचं पुढे काय झालं, याचा तक्ता दर तिमाहीला किती डाव्या पोर्टलांनी चालवला? मार्च २०२३ मध्ये लोक पुन्हा दिंडोरीहून निघाले तेव्हा सगळ्यांना एकदम आठवण.

गोदाकाठ

@खोडरबर, मान्य. मग रेघ कुठे मारता?

खोडरबर

माणसावर मारू नये, कामावर मारावी. त्याच माणसाची सकाळची बातमी पत्रकारिता असू शकते आणि दुपारची घोषणाबाजी नसू शकते.

उलट बाजूची चूक कशी होते तेही बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत स्टँडिंग रॉकच्या पाइपलाइनविरोधी आंदोलनात 'डेमोक्रसी नाऊ'च्या एमी गुडमन चित्रीकरण करत होत्या. खासगी सुरक्षारक्षक आंदोलकांवर कुत्री सोडतात ते त्यांच्या कॅमेऱ्यात आलं. त्यांच्यावर आधी अतिक्रमणाचा आणि मग दंगलीचा आरोप लावला. सरकारी वकिलाचं म्हणणं असं की वार्तांकन आंदोलकांच्याच बाजूचं होतं, म्हणजे बाई आंदोलकच. न्यायाधीशाने तो आरोप पुढे जाऊच दिला नाही. दृष्टिकोन बघून पत्रकार कोण ते ठरवायला लागलो की हे असं होतं.

म्हणून बघायचं ते एवढंच: तुम्ही ते घडवलंत की टिपलंत? मोर्चाचा मार्ग ठरवणाऱ्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन आहात का? घोषणा द्यायला सांगून पुन्हा शूट केलंत का? निवेदनावर सही आहे का? असेल तर त्या दिवशी कॅमेरा दुसऱ्याकडे द्या, नाहीतर व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगून टाका. गटात नुसतं असणं वेगळं. माहिती तिथेच येते, त्याला इलाज नाही.

मेहेर_सिग्नल

पक्षपात सगळ्यात आधी आकड्यात शिरतो, म्हणून मोर्चाचा आकडा कसा काढावा ते लिहितो. संघटना दहा हजार सांगते, पोलिस दोन हजार. दोन्ही छापून मोकळं होणं म्हणजे काम टाळणं.

बी. डी. भालेकर मैदानातून निघून शालिमारमार्गे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाणाऱ्या मोर्चासाठी वाटेत दोन ठिकाणं धरा, पहिल्या मजल्याची गॅलरी मिळाली तर उत्तम. प्रत्येक ठिकाणी दोघं. दर पाच मिनिटांतलं एक मिनिट मोजायचं: समोरच्या खांबाची रेघ धरायची आणि ती ओलांडणारं प्रत्येक डोकं टॅली काउंटरवर दाबायचं. समजा मिनिटाला सरासरी ६० आणि मोर्चा ५० मिनिटं चालला, तर ३,०००. दोघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर व्हिडिओवरून पुन्हा मोजा.

चुका ठरलेल्या आहेत. पहिली दहा मिनिटं मोजून त्यालाच गुणणं: पुढे बॅनरची रांग रस्ताभर असते, मधे झेंडे विरळ होतात. दुसरी म्हणजे मोर्चा सिग्नलला थांबला तरी मिनिटं चालू ठेवणं. तिसरी, शेवटच्या सभेलाच मोर्चाचा आकडा समजणं. सभेसाठी जागेचं क्षेत्रफळ गुणिले दाटी हा हिशोब: मोकळी गर्दी चौरस मीटरला एक, दाट असेल तर अडीचच्या आसपास. चौरस मीटरला चार म्हणजे हात हलवायला जागा नाही अशी चेंगराचेंगरी. सभेत बसलेल्या लोकांना तो दर लावला की आकडा आपोआप फुगतो.

बातमीत "सुमारे ३,०००, आमची मोजणी" असं लिहून खाली पद्धत द्या. संघटनेचे लोक रुसतील. रुसू द्या.

गोल्टी

कांद्यातही तोच खेळ. बाजार समितीच्या पत्रकात रोज तीन दर असतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. समजा किमान ७००, कमाल २,१००, सर्वसाधारण १,६०० रुपये क्विंटल. डावं चॅनेल थंबनेलवर लिहितं "कांदा सात रुपये किलो!", सरकारी बाजूचं चॅनेल २,१०० दाखवतं. खोटं दोघंही बोलत नाहीत आणि खरं कुणीच सांगत नाही. किमान दर बहुतेक वेळा गोल्टी (बारीक) किंवा खाद (खराब) मालाला पडलेला असतो, कमाल एखाद्या निवडक वाहनाला. बहुतेक माल ज्या भावाने गेला तो सर्वसाधारण, मथळा त्याचाच हवा. सोबत आवक द्या, आणि ती नगांत आहे की क्विंटलमध्ये ते लिहा. नग म्हणजे वाहन. ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्ही एकेकच मोजले जातात, त्यामुळे नगांवरून आवक वाढली-घटली म्हणणं फसवं.

लाल आणि उन्हाळ या दोन वेगळ्या हंगामांच्या कांद्यांची तुलना करू नका. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आणि धोरणाशी जोडताना तारखा समोर ठेवा: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ती ४ मे २०२४ ला उठली पण ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के, १ एप्रिल २०२५ पासून शून्य. भाव बंदीच्या आदल्या दिवशी पडला की नंतर, हे पत्रकावरून दाखवता आलं तर सरकारवरची टीका आपोआप धारदार होते. शेतकऱ्याच्या तोंडून शिव्या दाखवून तेवढं होत नाही.

सातपूरकर

कामगारांच्या बातम्यांत सगळ्यात मोठा घोळ पगारचिठ्ठीच्या फोटोत होतो. नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला असं वाटतं. चिठ्ठीवर कर्मचारी क्रमांक, यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक), ईएसआय (कामगार विमा) क्रमांक, बँक खात्याचे शेवटचे आकडे, कंत्राटदाराचा कोड एवढं सगळं असतं. आणि हे सगळं झाकलं तरी "हजेरी २३.५, ओव्हरटाइम ४१ तास" ही जोडीच त्या महिन्यात एकाच माणसाची असू शकते. एचआर दहा मिनिटांत शोधतो.

फोनमधल्या हायलायटरच्या काळ्या पेनाने खोडलेलं ब्राइटनेस वाढवल्यावर दिसतं, तो रंग अर्धपारदर्शक असतो. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर खालचा मजकूर कॉपी होतो. म्हणून गाळायचं ते क्रॉप करा, उरलेल्यावर गच्च रंग भरा, मग त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच वापरा. त्याहून बरं म्हणजे पाच-सहा चिठ्ठ्या जमवून बातमीत एकत्रित गोषवारा द्यायचा: ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असताना एकपटीने दिला, अमुक महिने. मूळ चिठ्ठ्या संपादकाकडे.

युनियनचा नेता हा कामगार नव्हे, हेही लक्षात ठेवा. नेत्याचा बाइट सगळेच घेतात, सभासद नसलेल्या दोघा कंत्राटी कामगारांशी वेगळं बोललं की बऱ्याचदा मागणीचा क्रमच बदलतो.

कलम_एकोणीस

+१. आणि छापायच्या आधी कंपनीला प्रश्न पाठवाच. फौजदारी बदनामीत, म्हणजे न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, "खरं आहे" एवढं पुरत नाही. ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पुरेसा बचाव. फौजदारीत शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा.

प्रश्न मोघम नकोत. "कामगारांच्या शोषणाबाबत आपली भूमिका काय?" याला कुणी उत्तर देत नाही आणि न्यायालयातही ते आरोपासारखं वाचलं जातं. असं लिहा: "अमुक विभागातल्या कंत्राटी कामगारांना एप्रिल ते जूनचा ओव्हरटाइम एकपट दराने दिल्याचं सहा पगारचिठ्ठ्यांवरून दिसतं. हे बरोबर आहे का? असल्यास कारण काय?" कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल आणि स्पीड पोस्ट, कामाचे दोन पूर्ण दिवस. उत्तर आलं तर पूर्ण छापा, कापून नव्हे. नाही आलं तर कधी विचारलं ते तारीख-वेळेसह.

हॅश_जपा

डाव्या पोर्टलांची खरी कसोटी असते ती आपल्याला हवी तशीच बातमी हातात येते तेव्हा. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'द वायर'ने मेटाबद्दलच्या (फेसबुकची कंपनी) बातम्या मागे घेतल्या. कंपनीच्या अंतर्गत ईमेलचा आणि तांत्रिक पडताळणीचा म्हणून जो पुरावा दाखवला होता तो टिकला नाही. तांत्रिक बाजू एकाच माणसाच्या हाती होती आणि बाकीच्यांनी त्याच्यावर विसंबून राहायचं ठरवलं, हे त्यातलं शिकण्यासारखं.

ईमेलचा स्क्रीनशॉट पुरावा नव्हे. मूळ मेल पूर्ण हेडरसकट .ईएमएल फाइल म्हणून मागा, फॉरवर्ड करून नको. डीकेआयएम सही (पाठवणाऱ्या सर्व्हरची मेलवरची डिजिटल मोहर) दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या संगणकांवर तपासायची, आणि तपासणाऱ्यांतला एक बातमी लिहिणारा नसावा. व्हिडिओ आला तर व्हॉट्सॲपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा; साधा पाठवला की कॉम्प्रेस होतो आणि मूळ माहिती जाते.

फाइल हाती आल्या आल्या एसएचए-२५६ हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढून वहीत तारीख-वेळेसह लिहा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात हॅश मागितलेला आहे, भाग अ आणि भाग ब असे दोन भाग असतात. हॅश मूळ फाइलचा. एडिट केलेल्या प्रतीचा काढून उपयोग नाही. हीच गफलत सर्रास होते.

ताळेबंद

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून.

एफसीआरए म्हणजे परदेशी योगदान नियमन कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, मालक, मुद्रक, प्रकाशक यांना परदेशी योगदान घ्यायला बंदी आहे. ध्वनी किंवा दृकश्राव्य बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था-कंपन्यांनाही, मग माध्यम कुठलंही इलेक्ट्रॉनिक असो. "आम्ही छोटे आहोत" हा बचाव नाही. देणगीच्या पानावर "मी भारतीय नागरिक आहे" असा चौकोन ठेवा आणि पॅन घ्या. दुबईतला भारतीय पासपोर्टधारक स्वतःच्या बचतीतून देतो ते परदेशी योगदान धरत नाहीत. ओसीआय कार्डवाला (म्हणजे परदेशी नागरिक झालेला) मामा न्यू जर्सीहून पाचशे रुपये पाठवतो ते धरतात. यूट्यूबचं जाहिरातीचं उत्पन्न धंद्याची मिळकत म्हणून येतं, ते देणगीच्या खात्यात मिसळू नका. डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणुकीची मर्यादा २६ टक्के, तीही सरकारी परवानगीने.

रचना म्हणून कलम ८ ची ना-नफा कंपनी किंवा न्यास. 'द वायर' आणि 'ऑल्ट न्यूज' कलम ८ वर चालतात, 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) न्यासावर. कामगार संघटनेकडून देणगी घेतली तर तिच्या संपाच्या प्रत्येक बातमीखाली एक ओळ: "या संघटनेने आम्हाला अमुक वर्षी अमुक रक्कम दिली." लाज वाटत असेल तर देणगी घेऊ नका.

वनहक्क_फाइल

सुरगाणा-पेठकडचं थोडं. "दावा मंजूर" या सरकारी आकड्यात क्षेत्र दडलेलं असतं. दावा दोन हेक्टरचा, प्रमाणपत्र चाळीस गुंठ्यांचं, तरी तो मंजुरीतच मोजला जातो. (एकर म्हणजे ४० गुंठे, हेक्टर साधारण अडीच एकर, कायद्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर.) बातमी करायची तर दाव्याचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समितीचा शेरा आणि प्रमाणपत्र, हे चार कागद शेजारी ठेवून क्षेत्र कुठल्या टप्प्यावर कापलं ते दाखवा. ग्रामसभेने कापलं असेल तर तेही दाखवा. ते दाखवायला डावे कचरतात, कारण मग दोष मंत्रालयाचा राहत नाही.

माहिती अधिकारात दहा रुपये, दीडशे शब्द, एक अर्ज एक विषय. नावानिशी माहिती मागू नका. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) नोव्हेंबर २०२५ पासून आणखी कडक झालंय, फेटाळायला निमित्त मिळतं. गावनिहाय दावे, दावा केलेलं क्षेत्र, मंजूर क्षेत्र असे रकाने मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपये.

गोदाकाठ

खूप मिळालं. दोन राहिले: जनसुरक्षा विधेयक, आणि उपकरणं जप्त झाली तर?

कलम_एकोणीस

विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. रोख कडव्या डाव्या संघटनांवर असल्याचं सांगितलं गेलं, पण "बेकायदेशीर कृत्य" या व्याख्येत बोललेले-लिहिलेले शब्द, खुणा, दृश्यं सगळं येतं. माध्यमासाठी धोका संघटना बेकायदेशीर जाहीर झाल्यानंतरचा. तिची मुलाखत ही बातमी, तिचं पत्रक तुमच्या मांडणीत जसंच्या तसं टाकणं, तिच्यासाठी देणगीचा क्यूआर कोड लावणं ही मदत. पहिलं लढवता येतं, दुसरं अवघड.

झडतीच्या वेळी: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, ते मागा. पंचनाम्यात प्रत्येक उपकरणाचा आयएमईआय किंवा अनुक्रमांक, सीलबंद केल्याची नोंद आणि हॅश लिहून घ्या. हॅश नाकारला तर "मागितला, दिला नाही" असं सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा. अटक झाली तर कारणं लेखी हवीत. 'न्यूजक्लिक'च्या प्रबीर पुरकायस्थांची ऑक्टोबर २०२३ ची यूएपीएखालची अटक सर्वोच्च न्यायालयाने १५ मे २०२४ ला याच मुद्द्यावर बेकायदेशीर ठरवली.

मेहेर_सिग्नल

जप्तीपेक्षा रोजचा त्रास कॉपीराइट स्ट्राइकचा. नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनेल जातं. वृत्तसंस्थेच्या नऊ सेकंदांच्या क्लिपवरही स्ट्राइक पडू शकतो. घटनेच्या वार्तांकनासाठी कलम ५२ ची सूट आहे, पण ती न्यायालयात. यूट्यूबचं यंत्र आधी व्हिडिओ काढतं. भाषणं आपली आपण शूट करा.

खोडरबर

आणि चूक झाली तर? यूट्यूबवर त्याच दुव्याखाली व्हिडिओ बदलता येत नाही.

मेहेर_सिग्नल

चुकीचा भाग यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमधून कापता येतो, दुवा आणि व्ह्यूज तेच राहतात. पण नुसतं कापलं तर लपवल्यासारखं होतं. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत "दुरुस्ती: ४ मि. १२ से. ला मोर्चाचा आकडा १०,००० सांगितला होता, आमच्या मोजणीत तो ३,००० आहे" असं लिहा, कारण 'आणखी' न दाबता तेवढंच दिसतं. तेच पिन केलेल्या प्रतिक्रियेत. शॉर्ट्स काढली असतील तर ती वेगळी शोधावी लागतात, चुकीचा आकडा तिथेच फिरत राहतो.